सिबिल खराब असताना क्रेडिट कार्ड: मुदत ठेवीवरच्या कार्डाची माहिती

एका बँकेने अर्ज नाकारला म्हणून लगेच दुसरीकडे, तिसरीकडे अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक अर्जाला बँक तुमचा क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमची कर्जे आणि त्यांच्या परतफेडीचा तपशील, मागवते आणि त्याची नोंद राहते. थोड्या दिवसांत अशा बऱ्याच नोंदी दिसल्या, तर पुढची बँक आणखी सावध होते.

आधी अहवाल काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. स्कोअर म्हणजे परतफेडीच्या सवयीला दिलेले गुण, ते ३०० ते ९०० च्या दरम्यान असतात. ७५० च्या पुढे असेल तर बँका सहसा खळखळ करत नाहीत. पण नुसता आकडा पाहून अहवाल मिटू नका, खालची कर्जखाती वाचा. जामीनदार म्हणून सही केलेले कर्जही तिथे दिसू शकते. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरचे हप्ते थकले की तुमचाही स्कोअर पडतो, आणि हे अनेकांना स्वतःच्या कर्जाचा अर्ज फेटाळल्यावर कळते.

नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. नोंद खरी असेल, उदाहरणार्थ तडजोड करून कर्ज ‘सेटल’ केलेले असेल, तर ती पैसे घेऊन कोणी पुसून देऊ शकत नाही. आम्हीही नाही.

कार्ड कसे मिळते?

कार्ड देणाऱ्या बँकेतच एफडी (मुदत ठेव) करायची आणि ती तारण ठेवायची. बऱ्याच बँका १५ ते २५ हजारांच्या ठेवीवर कार्ड देतात. कार्डावरच्या खर्चाची मर्यादा बँकेप्रमाणे ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के असते. पॅन आणि आधार लागते. पगारपत्रक सहसा मागत नाहीत, कारण बँकेच्या हातात ठेव असते. ठेवीवर व्याज मिळत राहते, पण कार्ड बंद करून बाकी चुकती केल्याशिवाय ती मोडता येत नाही. पतसंस्थेची पावती चालत नाही. कर वाचवण्यासाठी केलेली पाच वर्षांची एफडीसुद्धा तारण ठेवता येत नाही.

“पैसे माझेच, मग कार्डाचा फायदा काय?” हा प्रश्न हमखास येतो. फायदा नोंदीचा. दर महिन्याला बिल वेळेवर भरले, हे बँक सिबिलसारख्या कंपन्यांना कळवते. डेबिट कार्ड कितीही वापरले तरी अशी नोंद होत नाही.

मात्र तुम्हाला रोख पैशांची गरज असेल, तर हे कार्ड घेऊच नका. थकलेल्या बिलावर महिन्याला ३ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त व्याज लागते. त्यापेक्षा एफडीवर कर्ज घ्या. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त असतो. कार्डाने एटीएममधून पैसे काढले तर शुल्क वेगळे आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

वापर कसा करावा?

कमी. २०,००० ची मर्यादा असेल तर सहा हजारांच्या आत राहा: लाइट बिल, गॅस, मोबाइलचा रिचार्ज एवढे पुरे. बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते, तिकडे पाहू नका. ती भरली तर खाते थकीत दिसत नाही, पण उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होते. बचत खात्यातून पूर्ण बिल आपोआप कापले जाण्याची सोय पहिल्याच दिवशी करून घ्या. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला, तर थकबाकीची नोंद होऊ शकते आणि दंडही लागतो.

बिल थकत राहिले तर बँक एफडी मोडून वसुली करते. त्याने प्रकरण मिटत नाही: ठेव जाते आणि थकल्याची नोंदही राहते.

स्कोअर हलायला सहा महिने ते वर्ष धरून चला. जुनी थकबाकी मोठी असेल तर जास्त. महिन्यात शंभर गुण वाढवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

बँकेतला अर्ज तुम्ही स्वतः भरू शकता, त्यासाठी आमची गरज नाही. अहवाल समजला नाही किंवा तक्रार लिहायची असेल तर छापील प्रत आणि जुन्या कर्जाचा ना-देय दाखला घेऊन या. ओटीपी, पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे आम्ही कधीच विचारत नाही. आमच्या नावाने कोणी विचारले तर फोन ठेवून द्या.