पार्श्वभूमी : युद्धकवितेतला सैनिक आणि १९३६ सालचा एक नकार

सैनिकाचे मरण गौरवाचे की शोकाचे, हा प्रश्न पहिल्या महायुद्धाने निर्माण केला, असे बरेचदा लिहिले जाते. ते पुरते खरे नाही. ‘इलियड’ संपते ते ट्रॉयच्या राजपुत्राच्या अंत्यसंस्काराने. त्याला मारणारा वीर ‘ओडिसी’त पाताळलोकी भेटतो, तेव्हा मृतांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या भूमिहीनाकडे मजुरी केलेली बरी, असे म्हणतो. महाभारतात रणात पडणाऱ्याला स्वर्गाचे आश्वासन आहे आणि प्रेतांच्या राशीत आपापली माणसे शोधत फिरणाऱ्या बायकांचे स्त्रीपर्वही आहे. जुन्या काव्यात दोन्ही सूर शेजारी नांदतात. मात्र तिथला योद्धा बहुधा समोरच्या माणसाच्या हातून मरतो आणि त्याचे कूळ कवीला ठाऊक असते. १९१४ नंतर पश्चिम आघाडीवर सर्वाधिक बळी तोफांनी घेतले. मारणारा काही मैलांवर आणि मरणारा खंदकात बसून वाट पाहणारा, अशा मरणासाठी जुन्या वीरकाव्याकडे भाषाच नव्हती.

सुरुवातीला याची कोणाला जाणीव नव्हती. ४ एप्रिल १९१५ रोजी, ईस्टरच्या दिवशी, लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये प्रवचनाच्या वेळी एका तरुण नौदल अधिकाऱ्याचे सुनीत वाचून दाखवण्यात आले. मी पडलो तर परक्या भूमीचा तेवढा तुकडा कायमचा इंग्लंडचा होईल, असा त्याचा आशय. त्यात जखम नाही, शत्रू नाही, रक्त नाही. तीन आठवड्यांच्या आत, २३ एप्रिलला, तो कवी तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या रणभूमीच्या वाटेवर जहाजावर वारला, तोही डासाच्या चाव्यातून झालेल्या जंतुसंसर्गाने. मंत्रिमंडळातल्या एका वजनदार माणसाने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला आणि वीरमरणाचा साचा पक्का झाला. आघाडीवरून घरी जाणारी सांत्वनाची पत्रेही त्याच साच्यातली असत : गोळी लागली, क्षणात गेला, यातना झाल्या नाहीत.

हा साचा मोडणारी सर्वांत प्रसिद्ध कविता ऑक्टोबर १९१७ मध्ये एडिंबराजवळच्या एका लष्करी रुग्णालयात लिहिली गेली. तिच्यात थकलेली तुकडी माघारी चालली आहे. विषारी वायू येतो, सगळे धडपडत मुखवटे चढवतात, एकाला उशीर होतो. मुखवट्याच्या धुरकट काचेतून तो हिरव्या समुद्रात बुडत असल्यासारखा दिसतो. मग त्याला गाडीत टाकतात आणि प्रत्येक हिसक्यासरशी त्याच्या फुप्फुसांतून फेसाळ रक्त येते. देशासाठी मरणे गोड, या प्राचीन रोमन ओळीला कवितेच्या शेवटी खोटे म्हटले आहे. लिहिणाऱ्या लेफ्टनंटला पुढे शौर्यपदकही मिळाले. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, शस्त्रसंधीला आठवडा उरला असताना, फ्रान्समधला एक कालवा ओलांडताना तो मारला गेला. त्याचा संग्रह १९२० मध्ये आला. त्यासाठी त्याने करून ठेवलेल्या टिपणात लिहिले होते की, हे पुस्तक वीरांबद्दल नाही. माझा विषय युद्ध आणि युद्धातली करुणा आहे.

१९३६ मध्ये ऑक्सफर्डने आधुनिक इंग्रजी कवितेचा मोठा निवडक संग्रह काढला. संपादक होता नोबेल मिळालेला आयरिश कवी. युद्धाचे सगळेच उल्लेख त्याने टाळले नाहीत. पण या लेफ्टनंटची एकही ओळ घेतली नाही. प्रस्तावनेत कारण दिले : निष्क्रियपणे सोसणे हा काव्याचा विषय नव्हे, थोर शोकांतिकेत मरणाऱ्यालाही मरणात आनंद असतो. टीका झाल्यावर खासगी पत्रात त्याने आणखी कडवटपणे लिहिले की, असली कविता खेडेगावच्या वर्तमानपत्रातल्या कवितांच्या कोपऱ्यातही शोभणार नाही.

या नकारामागे एक खरा काव्यविचार होता, हे मान्य करायला हवे. संपादकाने स्वतः १९१८ मध्ये, एका मैत्रिणीच्या, लढाऊ विमान कोसळून मेलेल्या मुलावर कविता लिहिली होती. त्यातला वैमानिक कायद्याने वा कर्तव्याने नव्हे, तर एकाकी आनंदाच्या ओढीने आकाशात जातो. मरण तो स्वतः निवडतो. वैमानिकाच्या बाबतीत हे पटते. पण खंदकातल्या माणसाला निवड कुठे होती? त्याला मरणाचा आनंद नाही म्हणून तो काव्यातून बाद, हा न्याय मला क्रूर वाटतो. सोसणाऱ्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणे ही निष्क्रियता नाही, हेही संपादकाच्या नजरेतून सुटले.

त्याची भूमिका एकसारखीही नव्हती. १९२८ मध्ये डब्लिनच्या ज्या नाट्यगृहाचा तो एक संचालक होता, त्याने एका महायुद्धविरोधी नाटकाला नकार दिला. नाटककार रणांगणावर कधी उभाच राहिलेला नाही, हे कारणांपैकी एक. आठ वर्षांनी मात्र रणांगणावर उभे राहूनच लिहिलेल्या कविता त्याला चालल्या नाहीत. शिवाय १९२० च्या सुमारास त्याने त्याच मृत वैमानिकाला उद्देशून दुसरी कविता लिहिली होती : ऊठ आणि बघ, ज्या साम्राज्यासाठी लढलास त्याचेच शिपाई आता तुझ्या जमिनीवरच्या कुळांना मारत आहेत. कुटुंबाला ती रुचली नाही. ती छापली गेली १९४८ मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. ती वेळीच बाहेर आली असती, तर १९३६ ची प्रस्तावना इतक्या ठामपणे लिहिता आली असती का, हा प्रश्न राहतो.

काळाने कौल लेफ्टनंटच्या बाजूने दिला. १९६२ मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या नव्या कॅथीड्रलसाठी रचलेल्या संगीतकृतीत लॅटिन प्रार्थनांच्या मध्ये त्याच्या कविता गुंफल्या गेल्या. १९८५ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत महायुद्धातल्या सोळा कवींच्या नावांची शिळा बसली, तिच्यावर त्याच्या टिपणातल्याच ओळी आहेत. दुसऱ्या महायुद्धाने तर वैमानिकाचाही आनंद काढून घेतला. १९४५ च्या एका पाच ओळींच्या अमेरिकन कवितेत मेलेल्या तोफचालकाला विमानातून नळीने धुऊन काढतात.

म्हणून वाद मिटला असे नाही. सोव्हिएत फौजा १९७९ ते १९८९ अफगाणिस्तानात होत्या, मृतदेह बंद जस्ती पेट्यांतून घरी येत. सैनिक आणि त्यांच्या आयांच्या मुलाखतींवर एका बेलारूसी लेखिकेने पुस्तक केले, आणि १९९२-९३ मध्ये मिन्स्कच्या न्यायालयात तिच्यावर खटला उभा राहिला. फिर्यादींमध्ये मुले गमावलेल्या आयाही होत्या. आमचे शब्द फिरवले, आमच्या मुलांना निर्दय मारेकरी म्हणून रंगवले, असा त्यांचा आरोप होता. लेखिकेने खटल्याची कागदपत्रे पुढच्या आवृत्त्यांत पुस्तकालाच जोडली. मुलाला वीर म्हणून आठवू पाहणारी आई आणि तिला न पटलेले पुस्तक आता एकाच बांधणीत आहेत.