निगा, पाळत आणि कान असलेली खेळणी

जून उजाडला की बेळगावच्या खडेबाजार आणि गणपत गल्लीतल्या दुकानांत दप्तरं-छत्र्यांच्या शेजारी आता मुलांची सिमकार्डवाली घड्याळंही टांगलेली दिसतात. घड्याळ मुलाच्या मनगटावर, अ‍ॅप बापाच्या मोबाइलवर. पोर कुठं आहे ते नकाशावर दिसतं, हे घेणाऱ्याला माहीत असतं. काही घड्याळांत आणखी एक सोय असते. अ‍ॅपमधून हुकूम सोडला की घड्याळ आपणहून बापाच्या मोबाइलला फोन लावतं, पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि मुलाच्या आसपास चाललेलं बोलणं बापाला ऐकू येतं. दुकानदार या सोयीला ‘सेफ्टी’ म्हणतो. जर्मनीत २०१७ साली नेमक्या याच सोयीपायी अशी घड्याळं विकायला बंदी आली.

खेळण्याला तोंड फार पूर्वी फुटलं. फोनोग्राफ पोटात बसवलेली बोलकी बाहुली अमेरिकेत १८९० साली विकायला आली आणि काही आठवड्यांतच दुकानांतून गेली. आवाज चिरका होता आणि यंत्र नाजूक. पण ती फक्त बोलायची. आपल्याकडं तर गोकाकची रंगवलेली लाकडी फळं आणि भाज्या धड बोलतही नव्हत्या. खेळण्याला कान असण्याची पहिली मोठी भीती पसरली ती १९९८ साली आलेल्या फर्बी नावाच्या केसाळ प्राण्यामुळं. हे खेळणं ऐकलेलं साठवतं अशी समजूत झाली आणि १९९९ च्या सुरुवातीला अमेरिकी गुप्तचर खात्याच्या एका कार्यालयात ते आणायला मनाई झाली. वास्तविक त्यात काही साठवायची सोयच नव्हती. भीती चुकीची होती, फक्त पंधरा-सोळा वर्षं लवकर आली होती.

कारण २०१५ साली खरोखरच तसं खेळणं आलं. ‘हॅलो बार्बी’च्या कमरपट्ट्यावरचं बटण दाबून मूल बोललं की तो आवाज घरच्या वायफायवरून कंपनीच्या संगणकाकडं जायचा, तिथं त्याचे शब्द व्हायचे आणि तयार उत्तरांतलं एखादं उत्तर बाहुलीच्या तोंडून परत यायचं. ओरड झाली ती कंपनी मुलाचं बोलणं ऐकते म्हणून. तेच बोलणं आईबापांनाही खातं उघडून ऐकता यायचं, हवं तर दुसऱ्याला पाठवता यायचं. पण त्याची चर्चा पुसटच राहिली. पोरगी बाहुलीच्या कानात जे सांगते ते आईसाठी असतंच असं थोडंच आहे?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुलांसाठी टॅब आणि शिकवणारी खेळणी बनवणाऱ्या एका कंपनीचा माहितीचा साठा फुटला. सुमारे ६४ लाख मुलांची आणि ४८ लाख पालकांची माहिती त्यात होती. नावं, जन्मतारखा, काही फोटोसुद्धा. मग फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘क्लाउडपेट्स’चं प्रकरण उघडकीला आलं, आणि ते बेळगावकराला जरा जास्तच जवळचं वाटावं. लांब असलेल्या आईबापानं मोबाइलवर निरोप बोलायचा, तो घरातल्या मऊ अस्वलाच्या पोटातून वाजायचा, मुलानं पंजा दाबून उत्तर द्यायचं, असं ते खेळणं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे, जिथं घरटी कुणी ना कुणी फौजेत नाहीतर पुण्या-मुंबईला नोकरीला, तिथं असल्या अस्वलाची गरज कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आठ लाखांवर खाती आणि वीस लाखांच्या आसपास ध्वनिमुद्रित निरोपांचा माग असलेला साठा इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडा पडला होता.

त्याच महिन्यात जर्मनीच्या दूरसंचार नियामकानं ‘माय फ्रेंड कायला’ नावाच्या बाहुलीवर बंदी घातली. तिच्या ब्लूटूथला पिन नव्हती, त्यामुळं शेजारच्या खोलीतला किंवा रस्त्यावरचा कुणीही मोबाइल जोडून मुलाचं ऐकू शकत होता, मुलाशी बोलूही शकत होता. हा निर्णय मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली झाला नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. निरुपद्रवी वस्तूच्या सोंगात लपवलेलं प्रक्षेपक यंत्र बाळगणं तिथं गुन्हा आहे, ते कलम बाहुलीला लागलं. पालकांना सांगितलं गेलं, बाहुली नष्ट करा. नोव्हेंबरमध्ये तेच कलम ऐकणाऱ्या घड्याळांना लागलं, आणि त्या वेळी अधिकाऱ्यांनी एक गोष्ट उघड सांगितली: काही पालक या घड्याळांतून वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांचं बोलणं ऐकत होते. या साऱ्या इतिहासात आईबापाचा कान असा थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिल्याचं दुसरं ठळक उदाहरण मला तरी दिसत नाही. बाकी सगळीकडं आरोपी कंपनी आणि फिर्यादी पालक.

भारतात गाडी वेगळ्या रुळावरून आली. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ मध्ये माहिती संरक्षणावरच्या समितीचा अहवाल, २०१९ मध्ये विधेयक, २०२२ मध्ये ते मागं घेतलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं कुणीही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात ही रेघ तेराची आहे. युरोपात सोळाची, आणि एखाद्या देशाला ती तेरापर्यंत खाली आणता येते. आपल्याकडं अठरा ठरलं, कारण करार करायचं वय अठरा. म्हणजे बोलक्या अस्वलाशी खेळणारं चार वर्षांचं पोर आणि पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला असलेली सतरा वर्षांची मुलगी एकाच ओळीत. दोघांसाठीही पडताळता येईल अशी पालकाची संमती हवी. सुरक्षित ठरलेल्या सेवांसाठी वयाची रेघ खाली आणायची मुभा सरकारनं स्वतःकडं ठेवली आहे, तरीही अठराचा वाद काही मिटलेला नाही.

त्याच कलमात मुलांचा माग काढायला, त्यांच्या वागण्यावर देखरेख ठेवायला आणि त्यांना नेमकं गाठून जाहिराती दाखवायला मनाई आहे. इथं शब्दाचा गुंता सुरू होतो. हे वाचून अनेकांना वाटतं, आता घड्याळावरून पोरावर लक्ष ठेवणंही बंद. तसं नाही. मनाई आहे ती माहिती गोळा करणाऱ्या कंपनीला. माणसानं स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेला वापर कायद्याच्या बाहेरच आहे.

आमच्या भागात हा गुंता दुप्पट होतो, कारण एकच शब्द दोन भाषांत दोन वाटांनी गेला आहे. फारसीतला ‘निगाह’ मराठीत ‘निगा’ झाला आणि मऊ पडला. आपण बाळाची निगा राखतो, केसांची राखतो, परसातल्या झाडांची राखतो. कन्नडमध्येही शब्द ‘निगा’च, पण तिथं त्याचे डोळे उघडे राहिले. निगा ठेवणं म्हणजे नजर ठेवणं. आपण ज्याला अतिदक्षता विभाग म्हणतो त्याची कन्नड पाटी ‘तीव्र निगा घटक’ अशी असते. घरात मराठी आणि शाळेत कन्नड वाचणाऱ्या मुलाला आई म्हणाली, “तुझी निगाच राखायलोय की रे आम्ही,” तर त्यानं कुठला अर्थ घ्यायचा? मराठीत कडक अर्थासाठी ‘पाळत’ आहे, पण ती चोरावर ठेवायची, पोटच्या पोरावर ठेवली असं कुणी कबूल करत नाही. कायद्यानं कंपनीची पाळत बंद केली आणि घरच्या निगेला हात लावला नाही. मुलाला आईबापापासूनही काही खासगी असू शकतं का, हा प्रश्न संमतीच्या कलमात बसलेलाच नाही.

संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी हव्या त्या भाषेत मागता येईल, असंही हा कायदा म्हणतो. म्हणजे मराठीतही आणि कन्नडमध्येही. अल्पसंख्य भाषकांची संख्या जिथं १५ टक्क्यांवर आहे तिथं त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत, हे तत्त्व १९६१ पासून मान्य असूनही सीमाभागात एकेका परिपत्रकासाठी किती चपला झिजल्या ते वाचकांना सांगायला नको. खेळण्याच्या कंपनीकडून मराठी कागद आधी मिळाला तर नवल वाटायला नको.

खेळण्यांच्या गुणवत्तेचा सक्तीचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून आहेच. खोक्यावरची आयएसआय खूण सांगते की रंगात विषारी धातू नाहीत, टोकं बोचणार नाहीत, वीज चटका देणार नाही. मायक्रोफोनबद्दल ती खूण काही बोलत नाही.

माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. योगायोग असा की त्याच महिन्यात, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणारं एक अस्वल मुलांशी नको त्या विषयांवर बोलतं असं एका ग्राहक संघटनेनं दाखवल्यावर, ते काही काळ विक्रीतून काढून घ्यावं लागलं. नियमांत संमती पडताळायच्या वाटा आहेत, शाळेच्या गाडीतल्या मुलांचं ठिकाण बघायला सवलत आहे, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर घड्याळं विकली जात आहेत. संमती मात्र आईबापाची किंवा कायदेशीर पालकाची. ज्या घरात बाप पुण्याला आणि पोर आजीपाशी, तिथं आजीच्या होकाराला किंमत नाही.

वडगावात आमच्या ओळखीच्या एका घरात असंच आहे. नऊ वर्षांची मुलगी, मनगटावर गुलाबी घड्याळ, बाप पुण्यात. संध्याकाळी खेळायला जाताना ती घड्याळ काढते आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवून जाते. आजीला ठाऊक आहे, ती काही बोलत नाही. बापाला मोबाइलवर ठिकाण घरचंच दिसतं, आणि ऐकायचं बटण दाबलं तर शेजारच्या मागाचा खटखटाट ऐकू येतो.