भीतीने कळा का मंदावतात?

दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, तर त्या थांबवण्यासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं आयसोक्सुप्रिनच्या गोळ्या दिल्या गेल्या. हे औषध ॲड्रेनलिनच्या, म्हणजे भीतीच्या वेळी शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाच्या कुळातलं. गर्भाशयाच्या स्नायूपेशींवर ‘बीटा-२’ नावाची ग्राहक प्रथिनं असतात. औषध त्यांना चिकटलं की पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो, मोकळं कॅल्शियम घटतं आणि स्नायू सैलावतो.

आता दिवस भरलेली बाई कळांच्या वेळी घाबरली, तर तिच्या ॲड्रिनल ग्रंथी खरंखुरं ॲड्रेनलिन रक्तात सोडतात. ते त्याच प्रथिनांना चिकटतं. कळांना जोर हवा असतो नेमका तेव्हाच त्या मंदावतात. बरोबरीने सुटणारं त्याचं भावंड नॉरॲड्रेनलिन गर्भाशयाकडच्या रक्तवाहिन्या आवळतं. रक्त कमी पडलेल्या स्नायूत आम्लं साठतात, वेदनेचे तंतू चेततात. म्हणजे कळ कामाला कमी आणि दुखायला जास्त! बाई आणखी घाबरते, धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून बोटांना मुंग्या येतात आणि तिला वाटतं, काहीतरी भयंकर घडतंय.

भीती, ताण, वेदना हे चक्र ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरने १९३० च्या दशकात मांडलं. भीती गेली की वेदना जवळजवळ संपते, हा त्याचा दावा मात्र टिकला नाही. गर्भाशयाचं तोंड ताणलं जातं तेव्हा दुखणारच. म्हणून ‘मन घट्ट कर’ असं सुनावणं निरुपयोगी आहे, आणि एपिड्युरल (कण्याजवळ टोचून वेदना बधिर करणारं औषध) मागणारी बाई नाजूक ठरत नाही. ठरावीक मंत्र ऐकून वेदनारहित प्रसूती होईल, असं सांगून पैसे घेणाऱ्या शिबिरांपासून तर लांबच राहावं. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटतो, ही भीतीही गरोदर बाईच्या डोक्यात भरू नये. ती साफ खोटी आहे.

उपयोगी पडतं ते सोबत असलेलं माणूस. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात २६ चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक बायका होत्या. अखंड सोबत मिळालेल्यांचं बाळंतपण सरासरी सुमारे ४० मिनिटं लवकर आटोपलं, सिझेरियन आणि वेदनाशामकंही कमी लागली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला परवानगी दिली. शक्यतो स्वतः बाळंत झालेली, संसर्गजन्य आजार नसलेली, स्वच्छ कपड्यांतली आणि शेवटपर्यंत थांबणारी बाई असावी. नातलगांनी दाखल करतानाच तसं विचारावं.

आपल्या सीमाभागात हे जास्त महत्त्वाचं. चंदगडची मुलगी कर्नाटकातल्या खानापूरला दिलेली असते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, दुसरं सासरी, आणि नर्स कन्नडमध्ये बोलते. ‘उसिरु बिडि’ म्हणजे श्वास सोडा, एवढंही कळलं नाही, तर प्रत्येक सूचना ओरडल्यासारखी वाटते. दोन्ही भाषा येणारी जाऊ किंवा नणंद जवळ असेल, तर तीच सूचना धीर देते.

सोबतिणीने करायचं ते असं. कळ साधारण मिनिटभर टिकते. ती सुरू होताच तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर घट्ट दाब द्यावा, ओसरली की सोडावा. दाबाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला ‘गेट’ सिद्धांत तो हाच. श्वास नाकाने घेऊन तोंडाने लांब सोडायला सांगावं. जबडा आवळलेला, मुठी मिटलेल्या दिसल्या तर सैल करायला लावावं. बसणं, चालणं, कुशीवर वळणं चालतं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर.

‘अजून किती वेळ?’ याला ‘होईल हं’ हे उत्तर पुरत नाही. गर्भाशयाचं तोंड किती सेंटीमीटर उघडलं ते विचारून तिला सांगावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या निकषांनुसार ५ सेंटीमीटरनंतर खरा वेग येतो. तिथून पूर्ण उघडायला पहिलटकरणीला सहसा १२ तासांहून, पुढच्या खेपेला १० तासांहून जास्त लागत नाहीत. दर तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना दंडक आता मानत नाहीत. रक्तस्राव, हिरवट पाणी, झटके किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र धीर देत बसू नये. लगेच डॉक्टरांना बोलवावं, आणि बाई घरीच असेल तर १०८ ला फोन करावा.