जिवंत गाळणी

पाणी साफ करायचं मुख्य काम जिथे कापड, जाळी किंवा केमिकल न करता जिवंत सूक्ष्मजीव करतात, त्या गाळणीला जिवंत गाळणी म्हणतात, काही जण जैव गाळणी असंही लिहितात. वाळूची संथ गाळणी, तिचं घरगुती पिल्लू म्हणजे बायोसँड फिल्टर, आणि अलीकडची, बॅक्टेरियाने विणलेल्या सेल्युलोजच्या पडद्याची गाळणी, एवढे प्रकार यात येतात. नदीच्या वाळूतून झिरपवून पाणी उचलणं यात धरावं का हा वादाचा मुद्दा आहे, पण बडोद्यात मही नदीचं पाणी पिणाऱ्याला ते सोडून कसं चालेल, म्हणून खाली घेतलंय.

पहिली गाळणी कोणाची, हा जुना घोळ आहे. बहुतेक ठिकाणी जेम्स सिम्प्सनचं नाव सापडतं, त्याने १८२९ मध्ये लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी थेम्सचं पाणी वाळूतून गाळलं. पण त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १८०४ च्या सुमारास, स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात जॉन गिब नावाच्या कापड ब्लीच करणाऱ्या कारखानदाराने धंद्यापुरतं पाणी गाळलं आणि उरलेलं गावात विकलं. तारीख बघितली तर मान गिबचा. तरी पाणी वरून खाली सोडायचं, तळाला खडी, माथ्यावर बारीक वाळू, आणि थर गच्च झाला की वरचा पापुद्रा खरवडायचा, ही जी रचना पुढे जगभर गेली ती सिम्प्सनची, त्यामुळे जनक त्याला म्हणणंच जास्त पटतं. गंमत म्हणजे आपली गाळणी जिवंत आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं, त्यांच्या लेखी वाळू फक्त गाळ अडवत होती. १८८५ पासून पर्सी फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या पाण्यातले बॅक्टेरिया मोजायला घेतले तेव्हा गाळलेल्या पाण्यात ते फारच कमी निघाले, आणि वाळूच्या कणांमधल्या फटी तर बॅक्टेरियाच्या मानाने केवढ्या तरी मोठ्या, मग ते अडतात कसे हा प्रश्न उभा राहिला. १८९२ च्या कॉलऱ्याने बाकीचं सांगितलं. जर्मनीतलं हँबुर्ग शहर एल्बे नदीचं पाणी न गाळता पीत होतं, तिथे साडेआठ हजारांवर माणसं गेली. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं पाणी हँबुर्गच्या खालच्या बाजूला, म्हणजे त्यांची घाण मिसळल्यावर उचलायचं, पण वाळूतून गाळून, आणि ते बरंचसं वाचलं. हद्दीवरच्या एका रस्त्याच्या एका बाजूला साथ आणि समोरच्या बाजूला जवळपास नाही, असंही नोंदलेलं आहे. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८९३ मध्ये यावर लिहिताना खरी गाळणी वाळू नसून वाळूवर बसलेला बुळबुळीत थर आहे यावर जोर दिला.

या थराला जर्मनमध्ये श्मुट्झडेके म्हणतात, शब्दशः घाणीचं पांघरूण. बॅक्टेरिया, शेवाळ, डायटम (एकपेशीय शैवाल), प्रोटोझोआ (एकपेशीय सूक्ष्म प्राणी) आणि त्यांनी सोडलेला चिकट पदार्थ मिळून तो बनतो. येणारे जंतू चिकटतात, प्रोटोझोआ त्यांना खातात, काही उपाशी मरतात, अमोनियाचं नायट्रेट होतं. नव्या वाळूवर थर पिकायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, तोवर पाणी भरवशाचं नसतं. वेग तासाला साधारण ०.१ ते ०.२ मीटर, म्हणून तर संथ, हल्लीच्या प्लांटमधली जलद गाळणी पाच मीटरच्या पुढे जाते. आपल्याकडे पाणियाऱ्यावरचं, म्हणजे पाण्याच्या कट्ट्यावरचं, माटलं (माठ) रोज काथ्याने घासून लख्ख करायची सवय, त्या हाताला ही गाळणी दिली तर पहिल्याच दिवशी मेली समजा. (माटल्याला आतून येणारा बुळबुळीतपणा म्हणजे गाळणी नव्हे, ते घासलंच पाहिजे.)

बायोसँड फिल्टर कॅल्गरी विद्यापीठातल्या डेव्हिड मँझने १९९० च्या आसपास तयार केला. वाळूच्या वर साधारण ५ सेंटीमीटर पाणी कायम उभं राहील अशी नळी ठेवायची, म्हणजे दिवसातून एक-दोनदाच पाणी ओतलं तरी थर सुकत नाही, एवढीच युक्ती.

सेल्युलोजचा पडदा म्हणजे कोंबुचाची, म्हणजे आंबवलेल्या गोड चहावर धरणारी, साय. काही दिवस बरणी हलवली नाही की वर जाडसर घावनासारखा पापुद्रा येतो, बोटाने दाबला तर रबरासारखा लागतो. तो बॅक्टेरियाने विणलेला असतो, हे १८८६ मध्ये एड्रियन ब्राउनने दाखवलं होतं. मोंटाना टेक आणि ॲरिझोना स्टेट या विद्यापीठांतल्या संशोधकांनी याच पापुद्र्याची गाळणी केली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं की बाजारातल्या प्लास्टिकच्या पडद्यांपेक्षा तिच्यावर नको ते जंतू कमी चढतात आणि ती उशिरा तुंबते. तुंबते मात्र तीही.

बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या काळापासून आजवा तलावाचं पाणी आहे, पण या नोंदीत जास्त महत्त्वाच्या महीतल्या फ्रेंच वेल. फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा ही नावं पाणी बंदच्या बातमीमुळे घराघरात पाठ असतात. नदीपात्रात खोल विहीर आणि तिच्या तळातून चहूबाजूंनी वाळूत घुसवलेले जाळीचे पाइप, अशी रचना. नाव फ्रेंच, पण जगात ही पद्धत अमेरिकन इंजिनियर लिओ रॅनीच्या नावाने ओळखली जाते. वाळूतून झिरपताना पाण्यावर सूक्ष्मजीवांचं काम होतंच, फक्त हा थर माणसाने बसवलेला नाही आणि खरवडायलाही कोणी जात नाही.

क्षार, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) आणि फ्लोराइड यातली कुठलीच गाळणी नीट काढत नाही. गढूळ पावसाळी पाण्याने वाळू लगेच तुंबते, आधी निवळवून घ्यावं लागतं. आणि क्लोरिन नेहमी गाळणीनंतर, आधी टाकलं तर थरच मरतो, त्यामुळे कॉर्पोरेशनच्या क्लोरिनवाल्या नळाखाली हौसेने बायोसँड फिल्टर बसवला तर ती नुसती वाळूची पेटी होते.