घडाई, जड उद्योगातील

तापवून मऊ केलेला धातू ठोकून किंवा दाबून त्याला हवा तो आकार देणे म्हणजे घडाई. कारखान्यात तिला सर्रास फोर्जिंगच म्हणतात. गावच्या लोहाराचे काम आणि जहाजाचा शाफ्ट (फिरती शक्ती वाहून नेणारा दांडा) घडवणे यांमागील तत्त्व एकच आहे. फरक आहे तो वजनाचा आणि वजनापायी उभ्या राहणाऱ्या अडचणींचा. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पोलादाच्या मोठ्या नगांचा विचार केला आहे : जनित्रांचे रोटर (फिरते भाग), जहाजांचे शाफ्ट, अणुभट्टीच्या पात्राची कडी, लाटण गिरण्यांचे रूळ इत्यादी. हत्यारे व शेतीची अवजारे यांची घडाई येथे घेतलेली नाही.

ओतलेले पोलाद बाहेरून आत थिजत जाते. त्यामुळे लगडीच्या (ओतून थिजवलेल्या ठोकळ्याच्या) मध्यभागी बारीक पोकळ्या राहतात आणि गंधक, फॉस्फरस यांसारखी अशुद्ध द्रव्ये शेवटी थिजणाऱ्या भागात साठतात. घडाईने पोकळ्या मिटून त्यांची पृष्ठे एकमेकांना सांधली जातात, भरड स्फटिककण मोडून बारीक होतात आणि धातूतील तंतुरचना नगाच्या आकाराबरोबर वळते. घडीव क्रँकशाफ्ट उभा कापून, घासून त्यावर आम्ल लावले की हे तंतू प्रत्येक वळणाशी वाकत गेलेले नुसत्या डोळ्यांना दिसतात. ओतीव नगात असे काही दिसत नाही. अशुद्ध द्रव्ये मात्र घडाईने जात नाहीत, फक्त लांबट होऊन पसरतात. म्हणून लगड मुळातच स्वच्छ असावी लागते.

कृती : लगडीचे दोन्ही टोकांचे भाग निकामी धरून कापून टाकतात. ओतलेल्या वजनाचा बराच हिस्सा असा वाया जातो. राहिलेली लगड भट्टीत सुमारे १,२०० ते १,२५० °से. पर्यंत तापवतात. मोठ्या लगडीच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. घाई केली तर बाहेरचा थर फुगतो, आतला तसाच राहतो आणि लगड आतून तडकते. बाहेर काढली तेव्हा ती पिवळट पांढरी असते. पहिल्या दाबाबरोबर तिच्या अंगावरचा ऑक्साइडाचा काळा पापुद्रा फुटून खवल्यांसारखा गळतो. नग दाबायचा, मॅनिप्युलेटरने (नग पकडून हलवणाऱ्या यंत्राने) थोडा फिरवायचा, पुढे सरकवायचा आणि पुन्हा दाबायचा, असे करत लांबी वाढवत नेतात. कधी लगड उभी करून आधी चेपतात आणि मग लांबवतात. आडवा छेद मूळच्या साधारण एकतृतीयांश होईपर्यंत घडाई झाली म्हणजे गाभा नीट घट्ट झाला, असा ढोबळ संकेत आहे. नग ८५० °से. च्या आसपास उतरला की काम थांबवून तो परत भट्टीत घालतात. मोठ्या नगाच्या अशा अनेक फेऱ्या होतात.

घडाई संपल्यावर नग सावकाश थंड करावा लागतो. वितळलेल्या पोलादात विरघळलेला हायड्रोजन थंड होताना बाहेर पडू पाहतो आणि वाट न मिळाल्यास आत केसासारख्या बारीक भेगा पाडतो. १९५४ साली अमेरिकेतील वीजकेंद्रांत काही मोठे रोटर फिरता फिरता फुटले. त्यांतील निदान एका अपघातामागे याच भेगा होत्या. त्याच दशकात पोलाद निर्वातात ओतण्याची पद्धत रूढ होऊ लागली आणि प्रत्येक नग श्राव्यातीत ध्वनीने (कानाला ऐकू न येणाऱ्या, अल्ट्रासोनिक ध्वनीने) तपासणे सक्तीचे होत गेले.

प्रारंभ : मोठ्या नगाच्या घडाईचे सर्वांत ठळक प्राचीन उदाहरण म्हणून दिल्लीच्या लोहस्तंभाकडे बोट दाखवले जाते. उंची सुमारे ७ मी., वजन ६ टनांहून अधिक. त्यावरील लेखातील ‘चंद्र’ हा राजा बहुधा दुसरा चंद्रगुप्त असावा. त्यावरून काळ इ. स. चौथ्या शतकाची अखेर ते पाचव्याचा आरंभ असा धरतात. लोखंडाचे गोळे तापवून एकमेकांवर ठोकून हा स्तंभ जोडला, याबद्दल फारसे दुमत नाही. वाद आहे तो स्तंभ उभा ठेवून घडवला की आडवा, यावर. धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी आडव्या घडाईची बाजू मांडली आहे आणि नग फिरवणे, तापवणे, बाजूने ठोकणे यांची सोय पाहता ती अधिक संभवनीय वाटते.

पाण्याच्या चाकावर चालणारे घण चीनमध्ये हान काळापासून असावेत. युरोपात ते बाराव्या शतकाच्या सुमारास रुळले. या घणात एक मूलभूत वैगुण्य होते. दांडा एका टोकाला खिळलेला असल्यामुळे घण ठरावीक उंचीपर्यंतच उचलला जाई. नग जितका जाड, तितके घणाला पडायला अंतर कमी. म्हणजे जोराचा ठोका जेथे हवा तेथेच तो दुबळा पडे. एकोणिसाव्या शतकात आगबोटींचे शाफ्ट जाड होऊ लागले, तेव्हा हे वैगुण्य आडवे आले.

वाफेच्या घणाचे जनकत्व : वाफेने घण उचलण्याची कल्पना जेम्स वॉटच्या १७८४ च्या एकस्वातच (पेटंटातच) आढळते, आणि १८०६ मध्ये विल्यम डेव्हरेलनेही तशी योजना नोंदवली होती. यांपैकी काही प्रत्यक्षात उतरल्याचे दिसत नाही. खरा वाद ब्रिटनचा जेम्स नॅस्मिथ आणि फ्रान्सचा फ्रांस्वा बूर्दाँ यांच्यात आहे.

‘ग्रेट ब्रिटन’ या आगबोटीच्या वल्हेचक्रांसाठी सुमारे ३० इंच व्यासाचा शाफ्ट हवा होता. तो घडवायला कोणी तयार होईना, तेव्हा अभियंता फ्रान्सिस हम्फ्रीज याने नॅस्मिथला पत्र लिहिले. नॅस्मिथच्या टिपणवहीत वाफेच्या घणाचे रेखाचित्र आहे आणि त्यावर २४ नोव्हेंबर १८३९ ही तारीख आहे. उभ्या सिलिंडरातील दट्ट्याला घण थेट जोडलेला, खाली ऐरण, अशी ती सुटसुटीत रचना आहे. पुढे त्या बोटीला वल्हेचक्रांऐवजी मळसूत्री पंखा बसवायचे ठरले. ज्या शाफ्टसाठी घण सुचला तो शाफ्ट घडलाच नाही, आणि घणही कागदावरच राहिला.

इकडे फ्रान्समध्ये ल क्रूझो येथील श्नायडर कारखान्यात बूर्दाँने बहुधा १८४० मध्ये, काहींच्या मते थोडे नंतर, असा घण उभा केला. फ्रान्समधील एकस्व १८४१-४२ च्या दरम्यानचे आहे. नॅस्मिथच्या सांगण्यानुसार श्नायडर व बूर्दाँ मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्ट येथील त्याच्या कारखान्यात आले तेव्हा तो स्वतः तेथे नव्हता आणि त्याच्या भागीदाराने पाहुण्यांना ती वही दाखवली. १८४२ मध्ये तो ल क्रूझोला गेला आणि आपलाच घण तेथे चालू असलेला पाहून चकित झाला. लगोलग जून १८४२ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये एकस्व घेतले. फ्रेंच पक्ष मात्र बूर्दाँची कल्पना स्वतंत्र व भेटीआधीची असल्याचे सांगतो.

ही हकीकत ज्या रूपात प्रचलित आहे ती प्रामुख्याने नॅस्मिथच्या १८८३ मधील आत्मचरित्रातून आलेली आहे. घटनेनंतर चाळीस वर्षांनी, एका पक्षकाराने सांगितलेली म्हणून ती जपूनच घ्यावी. रेखाचित्राचा मान नॅस्मिथचा आणि पहिल्या चालत्या यंत्राचा बूर्दाँचा, ही तडजोड बहुतेकांना मान्य होते. दोन्ही बाजूंच्या भांडणात रॉबर्ट विल्सन याचे नाव मात्र मागे पडते. सुरुवातीच्या घणांच्या झडपा हाताने चालवाव्या लागत. ठोका बसताच झडप आपोआप उलटवणारी यंत्रणा १८४३ च्या सुमारास पॅट्रिक्रॉफ्टमध्ये तयार झाली. तिचे एकस्व नॅस्मिथच्या नावावर असले तरी ती विल्सनची असल्याचे मत पुढे आले आणि ते निराधार दिसत नाही. घण कारखान्यात रुळला तो या यंत्रणेमुळे. काचेच्या पेल्यातले अंडे पेल्याला धक्का न लावता फोडून दाखवण्याचा पाहुण्यांसमोरचा खेळही झडपेवरील अशा ताब्यामुळेच जमू शकला.

त्यानंतर घणांची चढाओढच लागली. जर्मनीत एसेन येथे क्रुप कारखान्याचा ५० टनी ‘फ्रिट्झ’ १८६१ मध्ये, ल क्रूझोचा १०० टनी घण १८७७ च्या सुमारास, अमेरिकेत बेथलेहेम या पोलाद कंपनीचा १२५ टनी घण १८९१ मध्ये. ल क्रूझोचा घण सुमारे ५ मी. उंचीवरून पडे. आज तो त्या गावाच्या वेशीवर स्मारक म्हणून उभा आहे. बेथलेहेमचा घण मात्र काही वर्षांतच निरुपयोगी ठरून मोडीत निघाला.

घणाकडून दाबयंत्राकडे : घण हरला तो आवाजामुळे किंवा पाया हादरल्यामुळे नव्हे, जरी दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. ठोका क्षणभराचा असतो आणि त्याची ऊर्जा पृष्ठभागाजवळच खर्ची पडते. गाभा तसाच राहतो. घणाखाली लांबवलेल्या जाड नगाचे टोक पाहिले तर ते मध्ये खोलगट असते, कारण बाहेरचा थर पुढे सरकलेला असतो. दाबयंत्राखालील नगाचे टोक उलट मध्ये फुगीर येते, म्हणजे दाब गाभ्यापर्यंत पोचलेला असतो. जुने फोरमन टोकावरून काम ओळखत ते यामुळेच. व्हिएन्नात जॉन हॅझवेलने १८६० नंतर लवकरच द्रवीय दाबयंत्र घडाईसाठी वापरले. पुढे इंग्रज अभियंता व्हिटवर्थने मँचेस्टरमध्ये ती पद्धत वाढवली आणि बेथलेहेमनेही १८९० नंतर १४,००० टनी दाबयंत्र बसवले.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. घणाचे ‘टन’ म्हणजे पडणाऱ्या भागाचे वजन, दाबयंत्राचे ‘टन’ म्हणजे ते लावू शकणारे बल. १०० टनी घण आणि १४,००० टनी दाबयंत्र यांची आकड्यावरून तुलना करणे चुकीचे आहे.

मोठ्या बंद ठशांची घडाई (कोरलेल्या दोन ठशांमध्ये नग दाबून आकार देणे) विमानांमुळे वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील ३०,००० टनी दाबयंत्र रशियाकडे गेले. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने १९५० नंतर चार प्रचंड घडाई दाबयंत्रे उभारली, त्यांपैकी दोन ५०,००० टनी. क्लीव्हलंड येथील यंत्राला २००८ मध्ये तडे आढळले. दुरुस्तीनंतर ते २०१२ पासून पुन्हा चालू झाले. चीनमधील दयांग येथील ८०,००० टनी यंत्र याहून मोठे आहे. खुल्या घडाईत, म्हणजे बंद ठशांवाचून नग दाबत नेण्यात, जपानमधील मुरोरान येथील कारखान्याचे नाव प्रथम घ्यावे लागते. तेथे ६०० टनांच्या लगडी १४,००० टनी दाबयंत्राखाली घडवतात आणि अणुभट्ट्यांची सांधेविरहित कडी जगभर जातात.

भारतात : रांची येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनचा ओतशाळा-घडाई कारखाना चेकोस्लोव्हाकियाच्या साहाय्याने उभा राहिला. गुजरातेत हाजिरा येथे ९,००० टनी दाबयंत्र आहे. महाराष्ट्रात ओतकामासाठी कोल्हापूर आणि घडाईसाठी पुणे अशी एक विभागणी झालेली दिसते. पुण्यातील मुंढवा येथील भारत फोर्जची स्थापना नीलकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये केली. उत्पादन १९६६ पासून सुरू झाले. ट्रकचे क्रँकशाफ्ट आणि पुढचे आस हा तिचा मुख्य माल, म्हणजे काम मुख्यतः बंद ठशांचे.