संख्याशास्त्र घेतलं म्हणजे मास्तरकीच?

लातूर-नांदेडकडं बारावीचा निकाल लागला की हे हमखास ऐकू येतं : जेईई हुकली म्हणून पोरानं संख्याशास्त्र घेतलं, आता बी.एड. करून मास्तरकीच. हे खरं नाही. यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला संख्याशास्त्र विषय असलेली साधी पदवीही चालते. एम.एस्सी.ला आयआयटीत जायचं तर ‘जॅम’ या प्रवेशपरीक्षेत या विषयाचा स्वतंत्र पेपर आहे. विमा, औषधचाचण्या, बँकांची कर्जजोखीम इथंही हीच माणसं लागतात.

खर्चाचं म्हणाल, तर अनुदानित कॉलेजची फी किरकोळच. खिसा कापतात ते खोलीभाडं, मेस आणि पुण्यातले महागडे ‘डेटा सायन्स’ क्लास. क्लास तरी टाळता येतो : आर आणि पायथन या आकडेमोडीच्या संगणकभाषा फुकट आहेत. नुसत्या बी.एस्सी.वर मोठ्या पगाराची हमी देणाऱ्या जाहिरातींवर मात्र माझा काडीचाही विश्वास नाही.