स्टीव्हन्झ, थॅडियस

(४ एप्रिल १७९२ – ११ ऑगस्ट १८६८). अमेरिकन वकील व प्रतिनिधिगृहातील जहाल रिपब्लिकन गटाचे नेते. जन्म व्हर्माँट राज्यातील डॅनव्हिल येथे गरीब कुटुंबात. एक पाऊल जन्मतः वाकडे होते. डार्टमथ महाविद्यालयातून पदवी घेऊन (१८१४) त्यांनी पेनसिल्व्हेनियातील गेटिझबर्ग येथे १८१६ पासून वकिली केली. १८४२ मध्ये ते लँकेस्टरला स्थायिक झाले.

त्यांचा गुलामगिरीविरोध नेमका केव्हा जागा झाला, याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. वादाच्या मुळाशी १८२१ चा चॅरिटी बटलर खटला आहे. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेल्या गुलामाला सहा महिन्यांहून अधिक काळ राज्यात ठेवल्यास तो मुक्त ठरे. मेरिलंडमधील गुलाम स्त्री चॅरिटी हिचे पेनसिल्व्हेनियातील मुक्काम तुटक होते. त्यांची बेरीज धरायची की मुक्काम सलगच हवा, एवढाच कायद्याचा मुद्दा. मुक्काम सलग हवा, असा युक्तिवाद स्टीव्हन्झ यांनी मालकाच्या बाजूने केला व तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात मान्य झाला. चॅरिटी मुलांसह गुलामगिरीतच राहिली. हा जय त्यांना आयुष्यभर सलत राहिला, असे काही चरित्रकार मानतात. त्यांचा स्वतःचा कबुलीजबाब उपलब्ध नसल्याने हे अनुमानच होय. तथापि १८२३ च्या सुमारास त्यांनी गुलाम न बाळगणारा राष्ट्राध्यक्ष लाभो, अशी जाहीर इच्छा व्यक्त केली. त्यामुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते.

राज्याच्या विधिमंडळात १८३५ मध्ये मोफत शाळांचा कायदा त्यांच्या भाषणामुळे रद्द होण्यापासून बचावला. कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणाऱ्या राज्यघटनेवर (१८३८) त्यांनी सही केली नाही. पेनसिल्व्हेनियातील क्रिस्टियाना येथे पळालेल्या गुलामांना पकडायला आलेल्यांना सशस्त्र प्रतिकार झाला; त्या प्रकरणातील (१८५१) राजद्रोहाच्या आरोपींचे ते एक वकील होते. त्यांपैकी कॅस्टनर हॅनवे या आरोपीस ज्यूरीने काही मिनिटांतच निर्दोष ठरविले. अमेरिकन यादवी युद्धकाळात (१८६१–६५) ते प्रतिनिधिगृहाच्या अर्थसाधन (कर व महसूलविषयक) समितीचे अध्यक्ष होते. १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्यांचा कॅलेडोनिया येथील लोखंडाचा कारखाना जाळला.

नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. बंडखोर जमीनदारांच्या जमिनी जप्त करून मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावेत, ही त्यांची १८६५ ची योजना मात्र काँग्रेसने स्वीकारली नाही. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगाच्या वेळी (१८६८) ते इतके खंगले होते, की त्यांना खुर्चीवर बसवून सभागृहात उचलून आणीत.

वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. इतर दफनभूमी वर्णभेद पाळीत असल्याने त्यांनी लँकेस्टरमधील सर्वांना खुली असलेली एक लहान दफनभूमी निवडली होती. हे कारण त्यांच्या थडग्यावर कोरलेले आहे.